काहील तिकडं, सोल इकडं

फौजेतली माझी शेवटची दोन वर्षं बहुतेक गाडीत बसून गेली, आणि गाडी उभी असायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाचा माझ्याबद्दल भलताच समज होता आणि पुढचं सगळं त्या समजातूनच झालं.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. आमच्या पलटणीला समुद्रापलीकडे पाठवलं. तिथं दोन शेजारी देश हमरीतुमरीवर आलेले, आणि त्यांच्या मधोमध वाळूत पाच-सहा देशांच्या फौजा आणून उभ्या केलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावर निळी टोपी, बाकी ज्याचं त्याचं. मला राखीव तुकडीत घातलं. हद्दीवर कुठं काही पेटलं की या तुकडीनं दहा मिनिटांत गाडीत बसायचं आणि तिकडं पोचायचं. बसण्यात आम्ही पटाईत होतो. शिट्टी वाजली की आठव्या मिनिटाला तीस माणसं हत्यारांसकट गाड्यांत. घोडं अडायचं ते त्याच्या पुढं. गाड्या एका देशाच्या, ड्रायव्हरही त्यांचेच, आणि त्यांच्या साहेबाच्या हुकुमाशिवाय ते चावी फिरवायचे नाहीत. वायरलेस दुसऱ्या देशाचा. जिथं जायचं तो पट्टा तिसऱ्याच्या ताब्यात, आणि आपल्या पट्ट्यात परक्यानं येऊन भांडण मिटवलं तर आपलं नाक जातं असं त्यांना वाटायचं. आपल्याकडं म्हणतात ना, बारभाईची खेती, काय लागे हाती. ते मी तिथं रोज बघत होतो.

एकदा एका विहिरीवर दोन्हीकडच्या मेंढपाळांत दगडफेक सुरू झाली. आम्ही सात मिनिटांत गाडीत. मग अडीच तास ऊन खात बसलो. हुकूम आला, पोचलो, तर विहिरीवर एक म्हातारा शेळीचा पाय बांधत बसलेला. बाकीचे मिटवून केव्हाच घरी गेले होते. एवढ्या गाड्या बघून त्यानं आमच्या दुभाष्याला विचारलं की लग्न कुणाचं आहे. आमच्या सुभेदारसाहेबांनी हे ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

घरी मी पत्रात लिहायचो : राखीव तुकडीत आहे, दहा मिनिटांत तयार असतो. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पण गाडी हलायची नाही, हेही लिहिलं नाही. पत्रं चावडीवर वाचली जायची. मी पेन्शन घेऊन परत आलो तेव्हा गावाच्या लेखी मी दहा मिनिटांत लढाई मिटवून येणारा माणूस झालो होतो. मीही तो समज खोडून काढला नाही.

आमचं गाव भीमेच्या अलीकडच्या काठाला, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला. पलीकडचा काठ दौंड तालुक्याचा. समोरासमोरची गावं, एकमेकांत सोयरिकी, आणि तरी एकमेकांचं एक पाऊल पुढं पडलेलं खपायचं नाही. दोन्हींच्या मध्ये नदीत एक बेट होतं. उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही अंगांनी गुडघाभर पाणी असायचं, पावसाळ्यात ते निम्मं-अधिक बुडायचं. त्या बेटाच्या वाळूत एक बागवान नवराबायको दरसाल वाडी करायचे. काकडी, खरबूज, कलिंगड, भोपळे. दोन्ही गावं त्यांना चाचा आणि चाची म्हणायची. मुलंबाळं नव्हती. हिवाळ्यात झोपडी घालायची, मृग लागायच्या सुमारास मोडायची आणि आमच्या गावातल्या दोन खणांच्या घरात परत यायचं, असा त्यांचा नेम. मला पोहायला चाचांनी शिकवलं होतं, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. चाची तोंडाची फटकळ. फुकट काकडी मागणाऱ्या पोराला ती आधी शिव्या द्यायची आणि मग दोन द्यायची.

मी परत आलो त्याच पावसाळ्यात एक गाडीवान त्या बेटावर अडकला. वाळू भरायला गेला आणि मागून पाणी आलं. दोन्ही गावं काठावर जमली. आमच्यातले म्हणाले बेट त्यांचं, त्यांच्यातले म्हणाले बेट आमचं. बैल वाहून गेले. गाडीवान दीड दिवस बाभळीवर बसून राहिला आणि पाणी ओसरल्यावर आपला आपण उतरून आला. दोन्ही गावांची तोंडं काळी झाली. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं की दोन्ही काठांची मिळून एक तातडीची तुकडी काढायची. दहा माणसं त्यांची, दहा आमची. पाण्यात कुणी अडकलं की हाक येताच निघायचं. आणि तुकडीचा म्होरक्या कोण, तर दहा मिनिटांत लढाई मिटवणारा मी.

पहिली बैठक कुठं घ्यायची यावरच पंधरा दिवस गेले. आमचे सरपंच, त्यांना सगळे आबा म्हणत, पलीकडं जायला तयार नव्हते. पलीकडचे सोसायटीचे चेअरमन, आप्पा, अलीकडं यायला तयार नव्हते. शेवटी चाचांच्या वाडीत, बेटावर, भोपळ्याच्या वेलाशेजारी बैठक बसली. सतरंज्यासुद्धा दोन. चाचीनं काकड्या चिरून मीठ लावून दिल्या आणि थाळी नेमकी दोन सतरंज्यांच्या मध्ये ठेवली. तिला दोन्ही गावं पुरती ठाऊक होती.

पाण्यातून माणूस काढायची आमच्याकडची रीत जुनी आहे. गुऱ्हाळात गूळ कढवायची जी मोठी लोखंडी काहील असते ती पाण्यात टाकायची. चार माणसं सहज बसतात. पण धारेला लागली की ती भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून तिला सोल बांधून काठावरून धरून ठेवावी लागते. सोल म्हणजे गाडीवर कडबा आवळायचा जाड दोर. तेव्हा काहील पाहिजे आणि सोल पाहिजे, दोन्ही एका जागी पाहिजेत. याला फौजेत जावं लागत नाही.

पलीकडं ऊस होता, गुऱ्हाळं होती, काहील त्यांनी देऊ केली. आमच्याकडं ऊस नव्हता, पण आमचा सोल भारी होता. चार सोल एकात एक ओवून केलेला, तेल पाजलेला. मी म्हणालो, "दोन्ही जिन्नस एकाच काठाला ठेवू. नाहीतर दोन्ही काठांना दोन्ही ठेवू."

आबा म्हणाले, "एकाच काठाला ठिवलं तर दुसऱ्याचा मान काय ऱ्हाईल?"

"मंग आणखी एक काहील आन् आणखी एक सोल करू की," मी म्हणालो.

"म्हंजी आमची काहील पुरंना व्हय तुमास्नी?" आप्पा म्हणाले. त्यावर आबाही म्हणाले की आमच्या सोलात काय खोट आहे ते आधी सांगा.

ठरलं ते असं. काहील दौंडच्या काठाला, सोल शिरूरच्या काठाला. कुणीही आधी सुरुवात करायची नाही. हाक आली की दोन्ही काठांनी तयार होऊन पांढरं निशाण वर करायचं, दोन्ही निशाणं वर गेली की एकदम कामाला लागायचं, म्हणजे आम्ही आधी आलो असं कुणाला म्हणता यायचं नाही. काहील त्यांची, सोल आमचा, माणूस दोघांनी काढला. हे ऐकताना मला त्या वाळूतल्या उभ्या गाड्या दिसत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी आणि आप्पांनी मिळून माझ्या डोक्याला फेटा बांधला, एक टोक यांनी धरलं आणि एक त्यांनी. दोन्ही गावांनी मिळून फेटा बांधलेला त्या पट्ट्यात मीच पहिला. तोंड उघडलं ते मी काकडी खायला.

चैत्रात कवायत ठेवली. दोन्ही गावं बघायला आली. हाक झाली, आमची दहा माणसं सहा मिनिटांत काठावर, त्यांची तेवढ्याच वेळात. निशाणं वर. आमच्या चौघांनी सोल खांद्यावर घेतला आणि नदीतून चालत पलीकडं नेला. पाणी पोटरीला. तिकडं काहिलीला बांधला, काहील ओढत बेटाशी आणली, चाचांना आणि चाचीला आत बसवून काठावर काढलं. काहिलीचं बूड वाळूला घासत होतं, म्हणून सहा जणांनी ती उचललीसुद्धा. टाळ्या झाल्या. आप्पांनी आणि आबांनी एकमेकांना मिठी मारली.

चाची काहिलीतून उतरताना लुगडं सावरत म्हणाली, "ह्यो दोर तुमी पान्यातनं चालत न्येला. पूर आल्यावर कसा न्येनार?"

सगळ्यांसमोर विचारलं याचाच मला राग आला. मी म्हणालो, "चाची, त्ये आमचं आमी बघू. तू काकडीचं बघ."

ती हसली आणि झोपडीकडं गेली. चाचा मात्र माझ्याकडं कौतुकानं बघत होते. त्यांना माझ्या फौजेचा फार अभिमान होता. पाव्हण्यारावळ्यांना ते मला दाखवायचे.

त्या वर्षी मृग लागला तरी त्यांनी झोपडी मोडली नाही. बियाणाचे भोपळे वेलावर पुरते वाळायचे होते, आठ दिवस आणखी हवेत, असं चाचा म्हणत. चाची रोज कटकट करत होती. आमच्याकडं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. पण भीमेला आमच्या आभाळाशी देणंघेणं नसतं. वर घाटात कोसळलं की इकडं उन्हात पूर येतो.

तसाच तो आला. सकाळी धुण्याला गेलेल्या बाया परत पळत आल्या. पाणी तांबडं झालंय, फेस आलाय आणि बेटाच्या दोन्ही अंगांनी धार धरलीय. देवळाची घंटा बडवली. माझ्या मनगटाला घड्याळ होतं. सातव्या मिनिटाला आमची दहाच्या दहा माणसं काठावर, सोल वेटोळं करून ठेवलेला, निशाण काठीला लावून तयार. समोर बघतो तर आप्पांची माणसं त्याच वेळेला काहील उचलून पाण्याच्या कडेला आणतायत. त्यांचं निशाण वर गेलं, आमचंही गेलं. फौजेतसुद्धा मी इतकी चोख हजेरी पाहिली नव्हती.

आणि मग आम्ही उभे राहिलो.

काहील तिकडं. सोल इकडं. मध्ये नदी. पाणी छातीच्या वर होतं आणि बघता बघता वाढत होतं. आमचे लोक हातवारे करून सांगत होते, काहील पाठवा. पलीकडचे अगदी तसेच हातवारे करून सांगत होते, सोल पाठवा. ओरडलेलं कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. बेटावर झोपडीशेजारी चाचा आणि चाची उभी होती, एकदा या काठाकडं बघायची, एकदा त्या काठाकडं. चाचांनी आमच्या बाजूला हात वर केला. मी पुढं झालो आणि दोन्ही हात पसरून वरखाली केले. जागा सोडू नका, आम्ही येतोय. अडकलेल्या माणसानं घाबरून पाण्यात उतरू नये, त्याला आधी जागेवर थांबवायचं, हे मला फौजेत शिकवलं होतं. चाचांनी मान हलवलेली मला दिसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आबांना म्हणालो, "आता काय करायचं, सांगा. मान संभाळला ना तुमी?"

आबा म्हणाले, "कडंला सरा. गोफण आना."

हे मात्र आबांना सुचलं, हे कबूल केलं पाहिजे. जोंधळ्याची राखण करणारा एक गडी होता, त्याची गोफण पंचक्रोशीत पहिली. दगडाला सुतळी बांधून ती पलीकडं टाकायची, सुतळीमागून दोरी आणि दोरीमागून सोल, असा बेत. पहिला दगड पलीकडं गेला, सुतळी इथंच तुटून पडली. दुसऱ्यांदा सुतळी दुहेरी केली, दगड निम्म्यावर पडला. तो गडी नऊ-दहा वेळा फेकून खांदा धरून खाली बसला. समोरचे लोक दर वेळी पुढं धावायचे आणि परत मागं जायचे.

मग मी सोलाचं टोक कमरेला बांधून पाण्यात पडलो. थेट बेटापर्यंत पोहत जायचं, असा विचार. अर्ध्या वाटेपर्यंत गेलोही असेन. पण भिजलेला सोल म्हणजे पाठीला बैल बांधल्यागत. त्यानं मला मागं आणि खाली ओढलं. काठावरच्यांनी ओढून काढलं तेव्हा नाकातोंडात चिखल होता. मला उलट्या होत असताना मागं दोघं वाद घालत होते की निशाण खाली घ्यायचं की वरच ठेवायचं. बैठकीत ते ठरलं नव्हतं.

यात अडीच-तीन तास गेले असतील. पलीकडं आप्पांच्या दोघा गड्यांचा धीर सुटला. आप्पा नको नको म्हणत असताना त्यांनी काहील सोलाविनाच पाण्यात लोटली आणि दोन्ही बाजूंनी धरून पोहत निघाले. त्यांना आजही हात जोडतो. पण काहील गरगर फिरली, बेटाच्या अंगाला लागली न लागली आणि खाली निघून गेली. चाचा चार पावलं पाण्यात धावले होते, त्यांच्या हाताला कड लागली नाही. ती काहील कोसभर खाली आमच्याच काठाला लागली, दोघं गडी जिवंत निघाले. आम्ही बैलगाडी जुंपून काहील आणायला माणसं पिटाळली.

ती येईपर्यंत पाणी झोपडीत शिरलं. चाचांनी झोपडीच्या छपरात टांगलेले वाळके भोपळे खाली काढले, दोरीनं एकात एक बांधून सांगड केली, चाचीला तिच्यावर पोटावर निजवून दोरीनं आवळलं आणि स्वतः सांगड धरून पाण्यात उतरले. आता पाण्यात झाडं येत होती. आम्ही काठाकाठानं पळत होतो, पलीकडं तेही पळत होते. पहिल्या वळणापर्यंत सांगड नीट चालली होती. तिथं एक मुळासकट उपटलेली बाभळ आडवी आली. सांगड फुटली. भोपळे सुटे होऊन पाण्यावर पसरले. त्यांतले दोन छातीशी धरून चाचा दौंडच्या अंगाला लागले, आप्पांच्या माणसांनी त्यांना ओढून घेतलं. चाची दिसली नाही.

आम्ही परत आलो तेव्हा काहील पोचली होती. वरातीमागून घोडं. माणसांनी ती गाडीतून उतरवून काठावर ठेवली होती आणि आमचा सोल तिच्या दोन्ही कड्यांना व्यवस्थित बांधून ठेवला होता. समोर बेट नव्हतं, नुसतं तांबडं पाणी होतं. दोन्ही निशाणं वरच होती.

चाची तिसऱ्या दिवशी सापडली, पार खाली. चाचांच्या मेव्हण्याचं घर दौंडला होतं. तिला तिथंच दफन केलं आणि चाचाही तिथंच राहिले. मी मातीला गेलो नाही. पूर उतरायचा होता, पुलावरून लांबचा वळसा होता, अशी कारणं होती. खरं म्हणजे मला तोंड नव्हतं.

दोन आठवड्यांनी बैठक बसली. बेट पाण्याखाली, म्हणून जागेचा वाद पुन्हा झाला. शेवटी दौंडच्या स्टेशनासमोर चहाच्या दुकानात जमलो, कारण ते यांचं गाव नव्हतं आणि त्यांचंही नव्हतं. मला वाटलं होतं, माणसं खाली माना घालून बसतील. बसलीही, पहिला चहा संपेपर्यंत. मग आप्पा म्हणाले की काही झालं तरी तुकडी वेळेवर हजर होती, हे कुणाला नाकारता यायचं नाही. आबा म्हणाले, दोन्ही निशाणं एकदम वर गेली, एक पळभरही मागंपुढं नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, देवाच्या मनात नव्हतं. मग निर्णय झाला की पुढच्या वर्षापासून अदलाबदल करायची. काहील शिरूरच्या काठाला, सोल दौंडच्या काठाला. म्हणजे कुणावर अन्याय नको.

मी उठलो. म्हणालो, "अवो, अदलाबदल करून काय व्हणार? नदी मधीच ऱ्हाणार हाय ना? दोनी काठाला दोनी ठिवा. एवढं कळंना व्हय तुमास्नी?"

आबांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुला कळत व्हतं ना? तू फौजेत बघून आलेला. मंग तवा का गप बसलास?"

सगळे माझ्याकडं बघत होते. फेट्याचं सांगायची मला लाज वाटली. मी बाहेर पडलो.

चाचांच्या मेव्हण्याचं घर स्टेशनापासून लांब नव्हतं. चाचा ओसरीवर बसले होते. खंगले होते, पण मला बघून त्यांनी शेजारी पटकूर सारलं आणि आत चहा सांगितला. चहा यायच्या आधी तेच बोलले. कुणालाही सांगावं तसं, अगदी साधं.

"तुमी काठाला आला तवा पानी भोपळ्यावर तरून जायच्या बेतात व्हतं," ते म्हणाले. "सांगड बांधायला किती येळ लागतो? घटकाभर. ती मागं लागली व्हती, निगू म्हून. मी भोपळं काढाया आत गेलोबी व्हतो. तेवढ्यात तुजी मानसं दिसली. तिकडची बी दिसली. तू हात केलास. मी तिला म्हनलं, थांब, आपला फौजी आलाय, त्याला कळतं."

मी खाली बघत होतो.

"ती म्हनली, त्यास्नी न्हाई जमायचं. मी तिच्यावर वरडलो. येक इचारू का? राग न्हाई. तीन तास तुमी सगळी हुबी व्हता. कशाची वाट बघत व्हता?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. बैठकीत ते काकड्या चिरायला मदत करत होते, आणि कवायतीत सगळं नीट झालेलं डोळ्यांनी पाहिल्यावर काय कुठल्या काठाला ठेवलंय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सोल आमच्याकडं होता, काहील त्यांच्याकडं. आम्ही काहिलीची वाट बघत होतो, ते सोलाची.

चाचांनी ते नीट ऐकून घेतलं. दोनदा मान हलवली.

"आन् मी तुमची," ते म्हणाले.